जिथलं तिथं ठेवणारी पाठकबाई

बुडालेलं वर काढण्यात माझी जिंदगी गेली. विहिरीत पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी, घागरी, बादल्या, बैलाच्या गळ्यातली घंटी, एकदा तर भावाभावाच्या भांडणात फेकलेली आख्खी सायकल. डोणगावच्या शिवारात अशी विहीर नाही जिच्या तळाला माझा हात लागला नाही. बढाई म्हणून सांगत नाही, आहे ते सांगतो. आणि ज्या बाईला मी सगळ्यात जास्त मानतो ती जन्मभर याच्या उलट भांडली. तळाला आहे ते तळालाच राहू द्या म्हणून.

सुनंदा पाठक तिचं नाव. गाव चिखली. बाप तिथं बाजारात कारकून होता आणि आई आमच्या डोणगावची, त्यामुळे आमच्या गावातला मिशीवाला प्रत्येक माणूस तिचा मामा. मलाही ती मामाच म्हणायची. कामाला मात्र होती लांब, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, घाना नावाच्या देशात. तिथल्या समुद्रात, किनाऱ्याच्या जवळच, कित्येक पिढ्यांपूर्वीची जहाजं बुडून पडलेली आहेत. ती हुडकायची, मोजायची, आणि कोणी हात लावू नये म्हणून राखायची, हे तिचं काम. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं होतं, शेताची राखण ऐकली, खळ्याची ऐकली, बुडालेल्या जहाजाची राखण हे कोणतं पीक?

बाई दिसायला काटक, उन्हाने काळपटलेली. केस पुरुषासारखे कापलेले, कारण लांब केस पाण्यात गुंततात. वय पन्नासच्या घरात, पण चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागे. उजव्या मनगटाला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. आमच्या बायका हसायच्या, "हातात बांगडी नाई अन् पेन्सिल लोंबते." बियाण्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही कायम काखेत. जेवताना ती वही ताटाशेजारी ठेवायची, आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता मध्येच काहीतरी लिहायची. काय लिहिते म्हणून मी एकदा डोकावलो तर लिहिलं होतं, "चटणी ताटात उजवीकडे वाढली होती. इथे सगळे डावीकडे वाढतात. का?" आता याला काय म्हणावं!

आमची पहिली भेट भांडणानेच झाली. तिचे सख्खे मामा वामनराव, त्यांच्या मळ्यातल्या विहिरीत मोटार पडली होती. मला बोलावणं आलं. मी लंगोट कसत होतो तर ही कठड्याशी येऊन उभी.

"मामा, मोटार कोन्त्या कुशीवर पडली असन?"

चिखलीची बोली ती विसरली नव्हती. मी म्हटलं, "आडवी पडो का उभी पडो, काढाची तर हाय."

"काढा ना. पण आधी खाली जाऊन पाहा, अन् मले सांगा. मंग काढा."

"बाई, मी मोटार काढाले आलो. तिची पत्रिका मांडाले नाई."

सगळे हसले. तीही हसली, पण कठडा सोडला नाही. मी खाली गेलो, गळ अडकवला, दोर हलवला, वरच्यांनी ओढलं, मोटार वर आली. चहा झाला. मग ही माझ्याशेजारी दगडावर येऊन बसली आणि म्हणाली, "तळाले अजून काय काय हाय?"

आता भादव्याच्या पाण्यात खाली काही दिसत नाही. डोळे उघडे ठेवा का मिटा, सारखंच. आम्ही हातानेच पाहतो. लोखंड खरखरीत लागतं, पितळ गुळगुळीत आणि गार, भिजलेलं लाकूड बोटाला धरून ठेवतं. मी डोळे मिटून तिला सांगत गेलो. पायऱ्यांच्या बाजूला तुटकी घागर, तिच्यापासून तीन हातावर तारेचं भेंडोळं, कोपऱ्यात फुटकी कुंडी, मधोमध दगडी पाटा, उपडा. ती काढत गेली. कागदावर विहिरीचा तळच उतरला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांना काचेचा मोठा चष्मा लावून ती स्वतः उतरली. वर वामनरावांची बायको ओरडून राहिली होती, "अगं सुनंदे, तुह्या बापाले काय तोंड दाखवू मी!" आणि ही खालीवर, खालीवर. पाचव्या बुडीला वर आली, हात पुसून कागद पाहिला.

"मामा, सगळं बरोबर. एकच चुकलं. भेंडोळं तीन हातावर नाई, साडेतीनवर हाय."

माझ्या मोजणीत कोणी चूक काढली नव्हती आजवर. मी तिडकीने म्हटलं, "मोटार ओढताना सरकलं असन ते."

तिने कपाळावर हात मारला. "तेच म्हणते ना मी कालपासून! एक ओढलं की बाकीचं सरकते. मंग आधी कसं होतं हे कोनालेच समजत नाई."

 मी दोर गुंडाळायला घेतला. मग तीच म्हणाली, "मामा, हे हातानं पाहणं शिकाले मी परदेशात किती वर्षं घातले. अन् तुमी इथं लंगोटीवर करून राह्यले." त्या दिवसापासून मी तिचं ऐकून घ्यायला लागलो. सगळं नाही. पण ऐकून घ्यायला लागलो.

ती वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर बापाला भेटायला यायची, आणि त्यातले आठ-दहा दिवस डोणगावात. आली की पहिला प्रश्न ठरलेला. कोणी काहीही सांगो, तिचा प्रश्न एकच: "अन् त्याच्या बाजूले काय होतं?" लग्नाचं सांगा, मरणाचं सांगा, बाजू पाहिजे. एकदा आमच्या घरातल्यांचं, म्हणजे माझ्या बायकोचं, कौसल्येचं कानातलं फूल हरवलं. घरभर उलथापालथ सुरू झाली, तर बाई दारात हात आडवे करून उभी.

"कोनी काई उचलू नोका. जो जिथं हाय तिथंच बसा."

कौसल्या रडकुंडीला आलेली. "ही पोरगी मले हुडकू बी देईना वं!"

"मामी, फूल होतं तवा काय करून राह्यल्या होत्या?"

"झाडून राह्यली होती."

"मंग झाडू कुठी ठेवला? त्याच्या बाजूले काय हाय?"

फूल झाडूच्या काड्यांत निघालं. आम्ही शोधलं असतं तर पहिला झाडूच बाहेर फेकला असता. कौसल्येने तिच्या हातावर गूळ ठेवला, आणि तिने गूळ खायच्या आधी वहीत फूल कुठं सापडलं ते लिहिलं.

आमच्या ओट्यावर संध्याकाळी चार माणसं जमायची, बाई आली की दहा जमायची. चहाचं दुकान चालवणारा गोविंदा मोठा फटकळ. त्याने एकदा विचारलंच, "बाई, लपवू नोका. सोनं किती हाय त्या जहाजात?"

"सोनं नाई, गोविंदामामा. पितळ हाय. पितळेचे भांडे, अन् पितळेचे कडे. हातात घालाचे, तोंड उघडं असलेले."

"पितळ! अन् पितळासाठी सात समुद्राच्या पलीकडं जाऊन बसल्या? मोडीत घालाले गेलं तरी कोनी इचारत नाई."

बाई हसली नाही. समोर आमचा पितळी लोटा होता, तो तिने उचलून मधोमध ठेवला. म्हणाली, "गोरे व्यापारी हे घेऊन यायचे त्या किनाऱ्यावर. अन् याच्या बदल्यात माणसं न्यायचे. बाया, बापे, लेकरं. जहाजात कोंबून न्यायचे समुद्रापार, विकाले. गेलेलं माणूस परत आलं नाई कधी. माह्या जहाजात जे कडे पडले हायत ना, ते माणसाचं मोल हाय."

गोविंदाचा चहाचा पेला हातातच राहिला. कोणी लोट्याकडे पाहीना. मग आतून, चुलीपाशी बसलेली कौसल्या म्हणाली, "बाई, ज्याहिले नेलं, त्याहिचे नावं कुठी लिहून हायत का?"

"नाई मामी. बहुतेकांचे कुठीच नाई. कोन्तं कडं कोन्त्या पिपात होतं, कोनाच्या बाजूले होतं, किती होते, येवढंच लिहून हाय. अन् ते पान्याखाली लिहून हाय. एक उचललं की एक ओळ पुसली."

कौसल्येने चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मंग नोको उचलू देऊ बाई. कोनालेच नोको."

हे मी माझ्या कानाने ऐकलं. हे लक्षात असू द्या, कारण पुढं जे झालं ते न ऐकल्यामुळे झालं असं कोणी म्हणू नये.

पुढच्या खेपेला बाई आली ती वेगळीच. जेवणात लक्ष नाही, वही बंद. तिथं बंदराचं काम निघालं होतं. मोठमोठ्या बोटी आत याव्या म्हणून समुद्राचा तळ यंत्राने उकरून रस्ता करायचा होता, आणि तो रस्ता नकाशावर सरळ तिच्या जहाजावरून जात होता. तिने अर्ज केले. बंदराचे साहेब म्हणाले, दाखवा जहाज कुठं आहे. तिथलं पाणी आमच्या भादव्यातल्या विहिरीसारखं, नद्यांचा गाळ येतो त्यात. कॅमेरा खाली सोडला की नुसता चहा दिसतो. कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणजे नाही, असं साहेबांचं म्हणणं. तिच्या हाताशी चार महिने होते. तेवढ्यात जहाजाचं फळी न् फळी मोजमाप कागदावर आलं नाही, तर यंत्र त्यावरून फिरणार होतं.

"तुह्याकडं बुडणारे माणसं नाईत का?" मी विचारलं.

"हायत. पण ते सगळे चष्म्यानं पाहणारे. मले हातानं पाहणारे पाहिजे."

"मंग?"

"मंग मी दोन जण इथं आणते. तुमी शिकवा."

मी साफ नाही म्हटलं. हे काम मला बापाने शिकवलं, बापाला त्याच्या बापाने. शिकवायचा धंदा आमचा नाही. ती आठ दिवस मागं लागली. शेवटी मी म्हटलं, "आण. पण माह्या रीतीनं शिकतीन. मधात बोलाचं नाई."

"नाई बोलत," ती म्हणाली.

गणपती उठले आणि ते दोघं आले. दोघंही तिथले कोळी, पस्तिशी-चाळिशीचे, लेकराबाळांचे बाप. एकाचं नाव कोजो आणि एकाचं क्वेसी. त्यांच्याकडे माणूस ज्या वारी जन्मला त्या वारावरून नाव ठेवतात म्हणे. कोजो सोमवारचा, क्वेसी रविवारचा. आमच्यात तरी काय, बुधा आहे, मंगळ्या आहे. गावाने दोन दिवसांत कोजोचा सोमा करून टाकला. वामनरावांच्या मळ्यात त्यांची राहायची सोय होती. गावात बातमी पसरली की डोणगावचा बुढा आफ्रिकेच्या माणसांना पोहणं शिकवतो. मी गोविंदाला जाऊन सांगितलं, "पोहनं त्याहिले पोटातून येते. मी पाहनं शिकवून राह्यलो." कौसल्येने पहिल्या दिवशी भीतभीत ठेचा वाढला. क्वेसीने बोटाने चाटून डोळे मिटले आणि अजून मागितला. त्यांच्याकडेही मिरचीवाचून घास उतरत नाही.

मी शिकवलं ते असं. दोराला हाताहातावर गाठ. तळाच्या मधोमध जड दगड सोडायचा, दोर त्याला बांधायचा, आणि दोर ताणून त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखं गोल फिरायचं. एक फेरा झाला की एक गाठ बाहेर सरकायचं. हाताला लागलं ते डोक्यात ठेवायचं, आणि वर आल्यावर डोळे न उघडता सांगायचं. डोळे उघडले की विसरतं. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे दोर सोड, तीन म्हणजे ओढ. बाई कठड्यावर बसून त्यांच्या भाषेत समजावायची आणि कागदावर काढायची. मधात एकदाही बोलली नाही. शब्दाची पक्की. एकदा मी कोजोवर खेकसलो तेव्हा तिने ओठ दाताखाली धरलेला मी पाहिला, पण बोलली नाही.

पंधरा दिवसांत दोघं असे तयार झाले की मी खाली मुद्दाम ठेवलेल्या एकवीस वस्तू त्यांनी जागेसकट सांगितल्या. क्वेसीने तर बाविसावी सांगितली. ती माझीच हरवलेली विळी होती.

शेवटच्या दिवशी बाई चिखलीला गेली, बापाची तब्येत बरी नव्हती. मी दोघांना शेवटची गोष्ट शिकवली. भाषेची गरजच नव्हती. आमच्या धंद्यात एक नियम आहे: तळापर्यंत गेला तर रिकाम्या हाताने वर यायचं नाही. काही नाही सापडलं तर मूठभर गाळ आण, पण मूठ भरलेली पाहिजे. नाहीतर वरचे म्हणतात, हा अर्ध्यातूनच परतला. मूठ म्हणजे तळ लागल्याची साक्ष. मी बुडी मारून गाळ आणला, मूठ उघडून दाखवली, छातीवर हात ठेवून माझ्या बापाकडे, म्हणजे आकाशाकडे, बोट केलं. क्वेसीला समजलं. त्याने बुडी मारली, मूठ माझ्यापुढे उघडली आणि माझ्या पाया पडला. माझी छाती फुगली होती. बाईला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे, तिला सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

ते गेले. मध्ये बाईचा फोन यायचा. "मामा, पहिल्या फेऱ्यात तोफ लागली." "मामा, आज पिपांची ओळ भेटली, अठरा गाठींवर." फोनवर समुद्राचा आवाज यायचा आणि तिचा आवाज हसरा. मग फोन बंद झाले. मी फोन करणारा माणूस नाही. ज्याला काम आहे तो करेल.

वर्षभराने ती आली. दुपारची वेळ, मी ओट्यावर दोर वळत होतो. वाळली होती, पण चाल तीच. बसली, पाणी प्याली. कौसल्येने चहा ठेवला. मी विचारलं, "काय झालं तुह्या जहाजाचं?"

तिने सांगितलं. नकाशा पूर्ण झाला होता. शेवटच्या दिवशी बंदराचे साहेब आणि तळ उकरायचं काम घेतलेल्या ठेकेदाराचा माणूस, दोघं तिच्या बोटीवर पाहायला आले. क्वेसी उतरला, वर आला, डोळे मिटून सगळं सांगितलं. ठेकेदाराचा माणूस हसून म्हणाला, "हा खालपर्यंत गेला होता हे कशावरून? अर्ध्यातून परत येऊन पाठ केलेलं बोलतो." बाईने क्वेसीला सांगितलं, पुन्हा जा. तो पुन्हा गेला. आणि वर आला तेव्हा त्याने हसत हसत तिच्यापुढे मूठ उघडली.

माझ्या हातातला दोर थांबला.

"मुठीत काय होतं?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"कडं," ती म्हणाली.

कौसल्येने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

बाई सांगत राहिली. ठेकेदाराचा माणूस ओरडला, पाहा, हे राखणदार! हे कोळी चोर आहेत, जहाज लुटतात आणि नकाशाचं नाटक करतात. नकाशा खोटा, काम थांबवू नका. क्वेसीला पोलिसात द्यायची गोष्ट निघाली. बाईला तेव्हाच सगळं सोपं करता आलं असतं. म्हणायचं, या माणसाने माझं ऐकलं नाही, याला घेऊन जा. तिचं नाव साफ राहिलं असतं. तिने कडं हातात घेतलं, साहेबांपुढे धरलं आणि म्हणाली, "हे माझ्या कामात उचललं गेलं. उतरवणारी मी, शिकवणारी मी. माझं नाव लिहा."

साहेबाने लिहिलं. मग ती म्हणाली, "आता नकाशाचं. तुमचे पाणबुडे आणा. नकाशातली कोणतीही दहा ठिकाणं तुम्ही निवडा. एक जरी चुकलं तर मी स्वतः तुमच्या यंत्राला वाट दाखवीन."

त्यांनी माणसं आणली. दोन दिवस तपासलं. दहाही जागी, सांगितलं ते हाताला लागलं. आणि अकरावी जागा क्वेसीने दाखवली. ते कडं कोणत्या दोन कड्यांच्या मधून उचललं होतं, ती. सगळ्यांसमोर तो खाली गेला आणि ते परत तिथं ठेवून आला. त्या वेळी मूठ रिकामी घेऊन वर आला.

"जहाज वाचलं," बाई म्हणाली. "राखण आता क्वेसी अन् त्याच्या गावचे कोळी करतात. सरकारनंच नेमलं त्याहिले."

"अन् तू?"

"मले त्या जहाजावर उतरायची बंदी हाय. कायमची." ती चहा फुंकत म्हणाली, जशी काही एसटी चुकल्याची गोष्ट. "ज्याच्या कामात वस्तू उचलली जाते त्याले बंदी, हा नियम बरोबर हाय मामा. मी त्याहिच्या जागी असते तर मीबी हाच केला असता."

 मी हट्टी माणूस आहे, गाव सांगेल. बोललो ते असं, "आमच्या इहिरीत मूठ भरूनच वर याचा नियम हाय. बापजाद्यापासून."

कौसल्या कडाडली, "म्हनतो काय हा मानूस! मी याच ओट्यावर म्हनलं होतं, कोनालेच उचलू देऊ नोको. तुमी बसून होते ना इथी? का दोर वळून राह्यले होते?"

ऐकलं होतं मी. पण ऐकलेलं डोक्यात राहतं आणि हात आपल्या सवयीने चालतो. हे कौसल्येला काय सांगायचं. मी बाईकडे वळलो. "मीच शिकवलं ते. तू चिखलीले गेलती तवा."

"माहीत हाय. क्वेसीनं सांगतलं, त्याच दिवशी."

"मंग माहं नाव काऊन नाई घेतलं? डोनगावच्या बुढ्यानं शिकवलं म्हनाचं. माह्या गळ्यात बांधाचं. मी काय तिथं येऊन राह्यलो होतो?"

मला खरंच राग आला होता. माझी चूक दुसऱ्याने आपल्या नावावर घ्यावी, हा कोणता न्याय? बाईने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. जहाजाचा नकाशा. कागदभर ठिपके आणि आकडे. खाली कोपऱ्यात इंग्रजीत बारीक काही लिहिलेलं. मला इंग्रजी येत नाही, तिने बोट ठेवून वाचलं. मोजण्याची रीत कोणाची, तर माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, मुक्काम डोणगाव, जिल्हा बुलढाणा.

"रीत तुमची होती, तिथं तुमचं नाव हाय," ती म्हणाली. "माणसं माह्या हाताखालचे होते, मी विचाराले पाह्यजे होतं शेवटच्या दिवशी काय शिकले. नाई विचारलं. ते माह्या नावावर. मामा, हा नकाशा अन् साहेबानं लिहिलेला, दोन्ही कागद सरकारात गेले हायत. आता बदलत नाई."

मी तो कागद बराच वेळ हातात धरला. तिने बोट ठेवलं होतं त्यावरून बापाचं नाव मी ओळखलं, इंग्रजी अक्षर न येता. माझ्या बापाचं नाव सातबाऱ्यावरही धड लिहिलेलं नाही.

दुपार टळल्यावर ती निघाली. चिखलीला बाप एकटा होता. कौसल्येने शेवया बांधून दिल्या, पापड दिले. मी बाईची पिशवी उचलली. स्टँडपर्यंत चालताना गोविंदाने दुकानातून हाक मारली, "काय बे बुढ्या, हमाली सुरू केली का?" मी आयुष्यात कोणाचं ओझं उचललं नाही, जे उचललं ते पाण्याखालून. त्याला म्हटलं, "तू चहा ऊन कर."

एसटी आली. बाई खिडकीशी बसली. मी खाली उभा. काही म्हणायचं होतं, आणि ते मला म्हणता येत नाही हे तिला माहीत होतं. म्हणून मी दुसरंच विचारलं, "येवढं सगळं करून तुले भेटलं काय वं?"

तिने विचार केला. खिडकीच्या काचेवर वाटेची धूळ साचली होती. तिने बोटाने तिच्यावर एक सरळ रेघ ओढायला घेतली. "हा बोटींचा रस्ता. त्याहिनं आखलेला, सरळ." रेघ काचेच्या मध्यापर्यंत आली आणि तिथं बोट बाजूला वळलं, पोटासारखी गोलाई घेतली, आणि पुढं पुन्हा सरळ झालं. "हे भेटलं. आता सगळ्या बोटी इथून वळून जातात."

कंडक्टरने घंटी मारली. "सांभाळून जाजो," मी म्हटलं. तिने मान हलवली, वही उघडली आणि खाली पाहून लिहायला लागली. गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली. मी डोळ्यांवर हात धरून पाहत राहिलो. बाईचं डोकं दिसेनासं झालं, पण काचेवर ऊन पडलं होतं आणि धुळीतली ती वाकडी रेघ वळणापर्यंत दिसत होती.